कापलेले तेवढेच उरले
ब्रिटिश विज्ञानमालिका आणि प्रक्षेपणाची बदलती मानके

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९९६ साली फिल्मचे काही तुकडे सापडले. कुठे चार-दोन सेकंद, कुठे थोडे अधिक. साठच्या दशकात बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या प्रती ऑस्ट्रेलियात जात. दाखवण्याआधी तिथल्या सेन्सॉरच्या नजरेखालून त्या जायच्या. लहान मुले घाबरतील असे वाटले की तेवढी दृश्ये कात्रीने कापायची, उरलेला भाग प्रक्षेपणासाठी पाठवायचा आणि कापलेले तुकडे पुरावा म्हणून फायलीला जोडून ठेवायचे, अशी रीत होती. पुढे 'द मॅक्रा टेरर', 'फ्युरी फ्रॉम द डीप' अशा कथांच्या मूळ प्रती ब्रिटनमध्येही नष्ट झाल्या. आज या कथांची जी काही हलती दृश्ये आपल्याला पाहता येतात, त्यांतली बरीचशी या फायलीतली आहेत. जे सेन्सॉरने मान्य केले ते जगातून नाहीसे झाले; जे अमान्य केले ते टिकले.

गेली काही वर्षे मी जुन्या ब्रिटिश विज्ञानमालिका क्रमाने पाहतो आहे, त्यांच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. या वाचनात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही फाईल वाटली. कारण तिच्यात या सगळ्या इतिहासाचे सार आहे. इंग्रजीत 'स्टँडर्ड' या एकाच शब्दात दोन गोष्टी येतात. एक तांत्रिक मानक : चित्र किती रेघांचे, सेकंदाला किती चित्रे, रंग कोणत्या पद्धतीने. दुसरे सभ्यतेचे मानक : काय दाखवावे, कोणाला, किती वाजता. मराठीत आपण पहिल्याला मानक म्हणतो आणि दुसऱ्याला संकेत किंवा मर्यादा. शब्द वेगळे असल्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे वाटते. ब्रिटिश विज्ञानमालिकांच्या इतिहासात मात्र त्या हातात हात घालून चालल्या, आणि काय उरले व काय गेले हे दोघींनी मिळून ठरवले.

घरात आलेला राक्षस

सुरुवात १९५३पासून करू. त्या वर्षी २ जूनला वेस्टमिन्स्टर ॲबीत राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. तो पाहण्यासाठी ब्रिटनमधल्या असंख्य कुटुंबांनी पहिल्यांदा दूरचित्रवाणी संच घेतला. १८ जुलैपासून त्याच संचावर 'द क्वॉटरमास एक्सपेरिमेंट' ही सहा भागांची मालिका सुरू झाली. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए. अंतराळात तीन माणसे जातात, यान परत येते तेव्हा आत एकच असतो, आणि तोही हळूहळू माणूस राहत नाही. २२ ऑगस्टच्या शेवटच्या भागात हे वनस्पतीसारखे पसरणारे प्राणिमात्र वेस्टमिन्स्टर ॲबीत जाऊन बसते. जिथे दोन-अडीच महिन्यांपूर्वी मुकुट चढवला गेला, तिथेच. हा राक्षस म्हणजे प्रत्यक्षात नील यांचेच हात होते. हातमोज्यांवर पालापाचोळा चिकटवून त्यांनी ते ॲबीच्या मोठ्या छायाचित्राला पाडलेल्या भोकांतून बाहेर काढले होते.

हे सगळे लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट प्रक्षेपित होत होते. नाटकासारखे : प्रयोग झाला, संपला. ध्वनिचित्रमुद्रण करायचे तर पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्याचे चित्रण करणे एवढाच मार्ग होता. पहिल्या दोन भागांचे असे चित्रण झाले, पण दर्जा इतका सुमार निघाला की पुढच्या चार भागांचा नाद सोडून दिला गेला. दुसऱ्या भागात तर पडद्यावर एक किडा येऊन बसलेला दिसतो. तोही त्या चित्रणाबरोबर अजरामर झाला आहे. बाकीचे चार भाग कोणालाही पुन्हा पाहता येणार नाहीत.

सभ्यतेची मानके तेव्हा नुकती आकार घेत होती. क्वॉटरमासच्या मालिकांच्या वेळी लहान मुलांनी आणि कमकुवत मनाच्या प्रेक्षकांनी हे पाहू नये, अशी सूचना निवेदक देत असे. घरातल्या संचापुढून कोणाला उठवणार हा प्रश्नच होता. चित्रपटगृहात दारावर माणूस उभा करता येतो. याच कथेवर हॅमर कंपनीने १९५५ साली चित्रपट काढला, त्याला केवळ प्रौढांसाठी असलेले 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले. निर्मात्यांनी ही आपत्ती न मानता जाहिरात मानली आणि 'एक्सपेरिमेंट' या शब्दातले पहिले अक्षर गाळून तो थेट 'एक्स'पासून लिहायला सुरुवात केली. दूरचित्रवाणीवर जी कथा अख्ख्या कुटुंबाने पाहिली, तिच्या चित्रपटाला मुलांना मज्जाव, हा विरोधाभास तेव्हापासूनचा.

पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १९५४च्या रविवारी, याच जोडीने जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'चे रूपांतर सादर केले. विन्स्टनच्या भूमिकेत पीटर कुशिंग, ज्यूलियाच्या भूमिकेत इव्हॉन मिचेल. छळाच्या दृश्यांनी गदारोळ उडाला. दूरध्वनी खणखणले, संसदेत निषेधाचे ठराव मांडले गेले, त्यांना उत्तर म्हणून बाजूचेही ठराव आले. गुरुवारी दुसरा प्रयोग व्हायचा होता; तो रद्द होणार की काय अशी स्थिती होती. आपण आणि राणीने तो पाहिला व आवडला, असे राजपुत्र फिलिप यांनी सांगितल्यावर वाऱ्याची दिशा बदलली. १६ डिसेंबरचा प्रयोग झाला, फिल्मवर उतरवलाही गेला. आज आपण पाहतो ती कलाकृती म्हणजे हा दुसरा, वादळानंतरचा प्रयोग आहे. पहिल्या प्रयोगाची प्रत नाही. ज्याने लोक चिडले, तो नेमका प्रयोग कुणीच पुन्हा पाहू शकत नाही.

रेघा, रंग आणि रद्दी

इथे तांत्रिक मानकाकडे वळणे आवश्यक आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीचे चित्र तेव्हा ४०५ आडव्या रेघांचे होते. १९६४ साली बीबीसी-२ ही वाहिनी ६२५ रेघांवर सुरू झाली. १ जुलै १९६७ला तिच्यावर रंग आला. १५ नोव्हेंबर १९६९ला बीबीसी-१ आणि आयटीव्ही रंगीत झाल्या. ४०५ रेघांचे प्रक्षेपण जानेवारी १९८५मध्ये कायमचे बंद झाले. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले ते थेट ६२५ रेघांवर, म्हणून हे संक्रमण आपण अनुभवलेच नाही. ब्रिटनने मात्र वीस वर्षे दोन मानकांचा संसार केला.

या संसारात जुन्या कार्यक्रमांची किंमत भराभर उतरत गेली. चित्रफीत दोन इंच रुंद, जड आणि महाग. पुसून पुन्हा वापरता येत असल्यामुळे ती पुसलीच जाई. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. परदेशी विक्रीसाठी फिल्मवर प्रती काढल्या जात, पण विक्रीची मुदत संपली की त्याही नष्ट करायच्या असा दंडक होता. रंग आल्यावर कृष्णधवल कार्यक्रम कोण विकत घेणार? ६२५ रेघा आल्यावर ४०५ रेघांचे काय करायचे? या प्रश्नांना व्यवहारी उत्तर एकच होते. 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, सुरू झाली. पहिली कथा दिग्दर्शित केली ती लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. तिच्या साठच्या दशकातल्या भागांपैकी नव्वदहून अधिक आजही बेपत्ता आहेत.

यातली एक हानी मराठी वाचकाला जवळची वाटेल. १९६१ साली बीबीसीने 'ए फॉर अँड्रोमीडा' ही सात भागांची मालिका दाखवली. दूरच्या आकाशगंगेतून रेडिओ-संदेश येतो, त्यात संगणक बांधण्याच्या सूचना असतात, आणि तो संगणक शेवटी एक माणूस घडवतो. ही भूमिका ज्यूली ख्रिस्तीची. लेखक दोन : जॉन एलियट आणि केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. त्याच काळात हॉईल यांच्याकडे संशोधन करणारा एक तरुण मराठी विद्यार्थी पुढे विज्ञानकथाकार म्हणूनही आपल्या घराघरांत पोहोचला. जयंत नारळीकरांची गुरुकथा सांगताना आपण गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त सांगतो. पण विज्ञान आणि कथा एकाच टेबलावर मांडता येतात याचेही उदाहरण गुरूंनी शिष्यासमोर ठेवले होते. त्या मालिकेचा आज एकच भाग पूर्ण उपलब्ध आहे, आणि तोही २००५ साली सापडला. बाकीचे तुकडे व छायाचित्रे.

अशीच दशा नायजेल नील यांच्या 'द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स' या १९६८च्या नाटकाची. जनतेला सतत पडद्यासमोर बसवून थंड ठेवणारे राज्यकर्ते, आणि प्रेक्षक कंटाळल्यावर एका कुटुंबाला बेटावर सोडून त्यांचे हाल थेट दाखवण्याची कल्पना. 'रिअॅलिटी शो' हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नील यांनी तिच्यात रंगांचा मुद्दाम भडक वापर योजला होता, कारण पोशाख, चेहऱ्यावरचे रंग हेच त्या समाजाचे व्यंग होते. रंगीत चित्रफीत पुसली गेली. आता ते नाटक कृष्णधवल फिल्मवर पाहावे लागते. शीर्षकावरून ज्यांनी आक्षेप घेतला त्यांना ते नाटक आपल्याच बाजूने बोलत होते हे उमगले नसावे.

कोणाला काय खुपले

आता आक्षेपांकडे पाहू. मेरी व्हाइटहाउस या शिक्षिकेने १९६४ साली दूरचित्रवाणी शुद्ध करण्याची मोहीम सुरू केली आणि १९६५ साली तिची संघटना झाली. 'डॉक्टर हू' तिच्या नजरेत कायम असे. १९७१च्या 'टेरर ऑफ द ऑटॉन्स'मध्ये प्लॅस्टिकची खुनी बाहुली आणि चेहरा उचकटल्यावर सपाट दिसणारे पोलीस होते. मुले पोलिसांना घाबरतील असा आक्षेप आला. १९७६च्या 'द डेडली असॅसिन'मध्ये तिसरा भाग संपताना डॉक्टरचे डोके पाण्याखाली दाबलेले आहे आणि चित्र तिथेच गोठते. पुढच्या शनिवारपर्यंत मुलांच्या मनात तो बुडतच राहील, असा व्हाइटहाउसबाईंचा युक्तिवाद होता. तो मला आजही पूर्ण फेटाळता येत नाही. बीबीसीच्या महासंचालकांनी पत्राने दिलगिरी व्यक्त केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ चित्रफितीतूनच ती अखेर कापली गेली. पुढे घरगुती आवृत्ती काढताना तेवढा तुकडा दुसऱ्या प्रतीवरून आणून जोडावा लागला.

उलट बाजूला, ज्यावर त्या काळात फारसे कोणी बोलले नाही ते आज खुपते. १९७७च्या 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग'मध्ये लंडनच्या नाट्यगृहातला चिनी जादूगार एका इंग्रज नटाने रंगरंगोटी करून साकारला आहे, आणि आजूबाजूचे चिनी लोक बहुतेक गुंड आहेत. ब्रिटनमध्ये ती उत्कृष्ट कथा म्हणून गाजली. कॅनडातल्या ऑंटारिओच्या सार्वजनिक वाहिनीने ती १९८० साली दाखवायला नकार दिला. १९६६च्या 'द सेलेस्टियल टॉयमेकर'मध्ये एक पात्र मुलांचे गाणे म्हणताना कृष्णवर्णीयांसाठीचा अपशब्द सहज उच्चारते. त्या भागाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना निवेदकाचा आवाज नेमका त्या शब्दावर घातला गेला.

मला स्वतःला खटकलेली कथा आणखी वेगळी आहे : १९६७ची 'द ॲबॉमिनेबल स्नोमेन'. घडते तिबेटमधल्या मठात, चित्रित झाली वेल्समधल्या डोंगरांत, भिक्षू झाले आहेत गोरे नट. मठाचा सर्वोच्च गुरू, ज्याच्या शरीराचा ताबा एका परकीय शक्तीने घेतला आहे, त्याचे नाव पद्मसंभव. बौद्ध परंपरेत ज्यांना दुसरे बुद्ध मानतात त्या आचार्यांचे नाव राक्षसाच्या कठपुतळीला दिले गेले, आणि प्रेक्षकांपैकी कोणाला त्यात काही वावगे वाटल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. पुढे कथेचे पुस्तक झाले तेव्हा या नावांचे रूप थोडे बदलण्यात आले. महाराष्ट्रात बसून ती कथा पाहणाऱ्याला हे नाव ऐकताच दचकायला होते. १९६७च्या लंडनमधल्या प्रेक्षकाला पाण्याखालचे डोके खुपले असते, हे नाव नाही. खुपण्याची जागा प्रेक्षकाबरोबर आणि काळाबरोबर हलते, एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

संस्थाही तशाच हलत गेल्या. रात्री नऊनंतरच प्रौढांचे कार्यक्रम हा संकेत साठच्या दशकात रूढ झाला. १९८१ साली तक्रार आयोग आला, १९८८ साली प्रक्षेपण मानक परिषद स्थापन झाली, १९९७ साली दोन्ही एकत्र झाल्या आणि २००३पासून हे काम ऑफकॉम या नियामकाकडे गेले. बीबीसीच्याच 'द वॉर गेम' या अणुहल्ल्याच्या काल्पनिक वृत्तचित्राचा प्रवास या बदलाचे माप देतो. पीटर वॉटकिन्स यांनी ते १९६५ साली केले. दूरचित्रवाणीसाठी ते फारच भीषण आहे म्हणून थांबवले गेले. चित्रपटगृहात दाखवल्यावर त्याला सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. ब्रिटिश घरांत ते पोहोचले ३१ जुलै १९८५ला, वीस वर्षांनी. ते पोहोचू शकले कारण फिल्म थांबवली होती, जाळली नव्हती.

परत मिळवण्याची विद्या

हरवलेले शोधण्याची गोष्ट या इतिहासातली आनंदाची बाजू आहे. 'द टूम ऑफ द सायबरमेन' १९९१च्या अखेरीस हाँगकाँगमध्ये मिळाली. २०१३ साली नायजेरियातून नऊ हरवलेले भाग परत आले. ध्वनी तर बेपत्ता भागांचाही शाबूत आहे, कारण मुलांनी घरच्या टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन संचापुढे धरून तो टिपला होता. बीबीसीच्या शिस्तीपेक्षा या मुलांचा हट्ट अधिक कामी आला.

तांत्रिक मानकांनी जे नेले त्यातले काही तांत्रिक करामतींनीच परत आणले. १९७१च्या 'द क्लॉज ऑफ ॲक्सॉस'च्या दोन भागांच्या ६२५ रेघांच्या चित्रफिती पुसल्या गेल्या होत्या, पण उत्तर अमेरिकेसाठी ५२५ रेघांत रूपांतर केलेल्या प्रती टिकल्या. रूपांतर करताना चित्राचे जे काही झाले होते ते गणिताने उलटे फिरवून मूळच्या जवळ जाणारे चित्र मिळवले गेले. दुसरी करामत याहून विलक्षण. काही रंगीत भागांच्या फक्त कृष्णधवल फिल्म उरल्या होत्या. त्या काढताना संचावरचा रंगाचा संकेत गाळला गेला नव्हता, म्हणून चित्रात अतिसूक्ष्म ठिपक्यांची जाळी उमटली होती. वर्षानुवर्षे हा दोष समजला गेला. त्या ठिपक्यांत मूळ रंगाची माहिती दडली आहे हे लक्षात आल्यावर ती वाचून रंग परत आणला गेला. 'प्लॅनेट ऑफ द डालेक्स'चा तिसरा भाग २००९ साली असा रंगीत झाला. कुणी शहाण्याने ती फिल्म 'स्वच्छ' केली असती तर ठिपके गेले असते आणि त्यांच्याबरोबर रंगही.

हा ठिपक्यांचा दाखला मला सभ्यतेच्या मानकांनाही लागू पडतो असे वाटते. आज पुन्हा जुन्या मालिकांचे काय करायचे हा प्रश्न जोरात आहे. कोणी आधी इशारा देतो, कोणी शब्द झाकतो, कोणी भागच काढून घेतो. हे सगळे करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. आपल्या चेहऱ्याची, आपल्या आचार्यांच्या नावाची चेष्टा संध्याकाळी मुलांबरोबर बसून पाहावी अशी अपेक्षा कोणाकडून करू नये. पण दाखवणे आणि जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. वाहिनीने निवड करावी, वेळ ठरवावी, सूचना द्यावी, नकोसे वाटेल ते दाखवूही नये. तो तिचा अधिकार आहे. संग्रहाने मात्र त्या निवडीच्या बाहेर राहावे. बीबीसीचा साठ-सत्तरच्या दशकातला दोष असा की दोन्ही कामे एकाच कपाटात होती. जे दाखवायचे नाही ते ठेवायचेही नाही, असा सरळ हिशेब झाला. 'द डेडली असॅसिन'ची अखेर दाखवायची नसेल तर न दाखवावी, पण मूळ फितीला कात्री लावण्याचे कारण नव्हते. 'वेंग-चियांग' आज निषेध नोंदवून पाहता येते कारण ती शाबूत आहे. तिच्यातला चिनी जादूगार कापून टाकला तर १९७७चा ब्रिटिश प्रेक्षक कशाला टाळ्या वाजवत होता, हे पुढच्या पिढीला कशावरून दाखवणार?

आपल्या दूरदर्शनच्या आरंभीच्या काळातलेही पुष्कळसे आता पाहायला मिळत नाही, फिती तेव्हा आपल्याकडेही महागच होत्या. ज्या थोड्या शिल्लक आहेत त्यांची मोजदाद करताना कोणी तरी नक्कीच विचारील की यातले अयोग्य, मागास, आज न शोभणारे ठेवायचे कशाला. त्या वेळी ऑस्ट्रेलियातली ती फाईल आठवावी. तिथल्या सेन्सॉरला आपण जपणूक करतो आहोत याची कल्पनाही नसणार. आपण काय नाकारले याची नोंद ठेवावी, एवढी एक कारकुनी शिस्त त्यांनी पाळली.